धवलेरीची नात डीजे शिकते तेव्हा

"ताई, मला डीजे शिकायचाय. मशीनसाठी गट कर्ज देईल का?"

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर, गेल्या शिमग्यानंतरच्या बचत गटाच्या बैठकीत, एकोणीस वर्षांच्या एका मुलीने हा प्रश्न विचारला आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. पण माझ्या मनात जे आले ते हसण्यापेक्षा फारसे चांगले नव्हते. शिवणयंत्र, शेळ्या, कोंबड्या, फार तर भाताची गिरणी, एवढीच आमची कर्जाची कल्पना. त्यात डीजे कुठे बसवायचा? शिवाय त्याच्या महिनाभर आधी शेजारच्या गावच्या ग्रामसभेत "लग्नात डीजे नको" असा ठराव यावा म्हणून आम्हीच कार्यकर्त्यांनी बायकांना बोलते केले होते. आम्ही जे बंद करायला निघालो होतो तेच ही मुलगी शिकायला मागत होती.

आणि ही मुलगी होती कोण? त्या पाड्यावरच्या धवलेरीची नात.

शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. वारली लग्नात भटजी नसतो. लग्न लावते ती धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरी एकेका विधीचे गाणे म्हणत लग्न पुढे नेते. तिचे गाणे ही करमणूक नव्हे, तो विधी आहे. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य शिकू लागल्या तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली! इथे डोंगरात हे काम बाईकडेच होते, आणि त्याची चर्चा करावी असे कुणाला वाटलेही नव्हते. एम.एस.डब्ल्यू.ची दोन वर्षे मी समाजगटांसोबतचे काम, त्याचे टप्पे, तत्त्वे सगळे शिकले, पण धवलेरी हा शब्द मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लग्नाच्या मांडवात कळला.

यात कायद्याचाही एक धागा आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांचे लग्न त्यांच्या रूढीप्रमाणे झाले की नाही हे पाहिले जाते. उद्या नवऱ्याने टाकलेली बाई पोटगी मागायला उभी राहिली आणि समोरचा वकील "लग्नच झाले नव्हते" म्हणाला, तर धवलेरीने लग्न लावले ही गोष्ट तिच्या बाजूची साक्ष असते. धवलेरी मांडवातून हलली तर नुसती एक कला जात नाही, हे त्यामुळे लक्षात घ्यायला हवे.

डीजेला आमचा विरोध होता तो आवाजापुरता नव्हता. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे त्यांना 'लग्नगडी' हा शब्द आठवत असेल. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. १९४५ पासूनच्या वारल्यांच्या लढ्याने त्या पद्धतीवर घाव घातला, १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध देशभराचा कायदा झाला. आज कुणी स्वतःला लग्नगडी म्हणवत नाही. पण दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती उचल घेऊन, आणि ती उचल कशासाठी घेतली असे बायकांना विचारा. दवाखाना, घराचे पत्रे, आणि लग्न. लग्नात आता डीजेचा टेम्पो, जनरेटर, लाइटा. "पोराचे मित्र म्हणतात डीजे नाय तर नाचणार नाय," असे एका आईने मला सांगितले. डीजे नाचतो एक रात्र. त्याच्यासाठी तिने विटा थापल्या सहा महिने.

हे सगळे मला माहीत होते, आणि म्हणूनच त्या मुलीला काय उत्तर द्यावे ते सुचेना. मी म्हटले, "आधी शिकून तर घे. मग कर्जाचे बघू." सरकारी कचेरीत आम्हाला मिळतात तसलेच उत्तर होते हे. तिने मात्र ते खरे धरले.

शिकायचे कुणाकडे? जव्हारच्या एका डीजेवाल्या तरुणाकडे ती पहिल्यांदा गेली. त्याने तिला वायरी गुंडाळायला दिल्या. पंधरा दिवस वायरी, स्पीकरचे टॉप आणि बेस पुसणे, आणि चहा आणणे. मशीनला हात लावू देईना. "पोरींनी हात लावला की सेटिंग बिघडतं," म्हणे. चुलीजवळ, शेतात, भट्टीवर बाईच्या हाताने काहीच बिघडत नाही. बटने असलेली वस्तू आली की बिघडते.

मग मला लाऊडस्पीकरवाले काका आठवले. जव्हारच्या बाजारात त्यांचे दुकान होते, आता तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात. एस.टी.च्या टपावर कर्णा बांधून, मोटारीची बॅटरी बरोबर घेऊन ते खोडाळ्यापर्यंत लग्ने वाजवायला जात. त्यांच्याकडे लोखंडी पेटीत दोनशेच्या वर तबकड्या आहेत. एका बाजूला दोन गाणी मावणाऱ्या छोट्या, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या. आणि मोठ्या लाँगप्ले, तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या. थोड्या अठ्ठ्याहत्तरच्याही आहेत, जड आणि काचेसारख्या फुटणाऱ्या. त्या लाखेच्या असतात. लाख जंगलातून येते, आणि जगभरच्या तबकड्यांसाठी ती मुख्यतः आपल्याच देशातल्या जंगलांतून जात असे, हे काकांनाही ठाऊक नव्हते, मी त्यांना सांगितले. त्यांना गंमत वाटली. मला वाटली नाही. लाख गोळा करणाऱ्या बायांपैकी किती जणींनी कधी तबकडी ऐकली असेल?

काकांकडे तबकड्या फिरवायची दोन यंत्रे आहेत, दोन्ही घरगुती. डीजेसाठी जी यंत्रे जगात नावाजली, जपानी टेक्निक्स कंपनीची एस.एल. १२००, ती १९७२ मध्ये निघाली. त्यात मोटर थेट ताटलीखाली असते, त्यामुळे ताटली क्षणात पूर्ण वेग घेते. आणि पुढे त्यात बाजूला एक सरकपट्टी आली जिने वेग थोडाथोडा कमीजास्त करता येतो. दोन गाण्यांचे ठोके जुळवायचे तर ही सरकपट्टी लागते. काकांच्या यंत्रांत ती नाही. तरी त्यांनी तिला जे शिकवले ते पुढे कामी आले. लाँगप्लेवर दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी उजेडात धरून कशी ओळखायची, सुई तिथे कशी अलगद टेकवायची, एक गाणे कर्ण्यावर चालू असताना दुसरे कानाला लावून सुरुवात कशी शोधायची. आणि मोजायचे कसे. आठ मात्रांचा केरवा चालू असताना सहा मात्रांचा दादरा मध्येच घुसवला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. त्यांच्यामध्ये काही तरी उसंत हवी. ती मुलगी वहीत रेघा मारत मोजायची. नववीत गणितात नापास झाली म्हणून शाळा सुटलेली मुलगी!

दोन महिन्यांनी ती पुन्हा त्या डीजेवाल्याकडे गेली. या वेळी त्याचा एक माणूस आजारी होता म्हणून तिला लॅपटॉपजवळ उभे राहायला मिळाले. लॅपटॉपच्या प्रोग्रॅममध्ये 'सिंक' नावाचे बटन असते. मशीन प्रत्येक गाण्याचे मिनिटाला किती ठोके ते मोजते आणि बटन दाबले की दोन गाणी आपोआप एका वेगात आणते. सिनेमाची आजची गाणी यंत्राच्याच ठेक्यावर बनवलेली असतात, तिथे हे बिनचूक चालते. पण तारप्याचे रेकॉर्डिंग लावले की मशीन गोंधळते. कारण तारपा वाजवणारा माणूस नाचणाऱ्यांकडे बघून वाजवतो. पाय गरम झाले की चाल वाढवतो, म्हाताऱ्यांचा फेर आला की उतरवतो, एका चालीतून दुसरीत जातो. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचा तारपा ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे सांगायला नको. भोपळ्याच्या आणि बांबूच्या त्या वाद्यात फुंकर एकदाही तुटत नाही, आणि ठेका मात्र सारखा जिवंत हलत राहतो. मशीनला असा हलता ठेका कळत नाही. तिने सिंक बंद केले आणि सरकपट्टीवर बोट ठेवून कानाने जुळवत गेली. डीजेवाला काही बोलला नाही. पण आता तारप्याचे मिक्स करायचे असले की तो तिला निरोप धाडतो, पैसे न देता.

मला इथे थोडे थांबून सांगायचे आहे की तारपाही बायकांच्या हातात नव्हता. तो पुरुष वाजवतात. बोहाड्यात सोंगे पुरुषांनी घ्यायची, देवीचेही सोंग पुरुषाने. बायकांच्या वाट्याला वाद्य आले नाही, गळा आला. त्यामुळे "डीजेने आमची परंपरा मोडली" असे एखादा पुरुष पुढारी ग्रामसभेत म्हणतो तेव्हा मी त्याच्याशी सहमत असूनही अस्वस्थ होते. तो ज्या दिवसांची आठवण काढतो त्या दिवसांतही फेराच्या मध्यभागी उभे राहून चाल ठरवणारी बाई नव्हती.

तर, शिकणे झाले. पुढे प्रश्न आला की घ्यायचे काय. काका थकले आहेत, मुलगा ठाण्याला. त्यांनी सांगितले, पेटी आणि दोन्ही यंत्रे घेऊन जा, जमेल तसे पैसे द्या. खरे सांगते, मी भुलले. तबकडीचा एक खरखरीत, उबदार आवाज असतो, माझ्या आजोळच्या दिवाळीचा. मुंबईतल्या माझ्या मैत्रिणी आता परत तबकड्या विकत घेतात. अमेरिकेत तर २०२० मध्ये तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या पुढे गेले, १९८६ नंतर पहिल्यांदा. मला दिसू लागले, आदिवासी पाड्यावरची मुलगी, जुन्या तबकड्या वाजवणारी. एखाद्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत फोटो येईल. देणगीदारांच्या अहवालात तर नक्कीच.

तिने पेटी उघडली, एकेक पाकीट बाहेर काढून वाचले. कोळीगीते, लावण्या, भजने, हिंदी सिनेमे. सगळी काढून झाल्यावर म्हणाली, "ताई, यात आमचं एक पण नाय."

एवढ्यावर माझ्यापुरता प्रश्न संपला. तबकडी काढायला कंपनी लागत होती, स्टुडिओ लागत होता, कारखाना लागत होता. कुणाचा आवाज तबकडीवर जाईल हे कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या कचेऱ्यांत ठरत होते, आणि खप होईल अशाच आवाजाला जागा होती. कॅसेट आली तेव्हा थोडे सैल झाले. मोबाइल आणि पेनड्राइव्ह आल्यावर पहिल्यांदा असे झाले की मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर गायलेले गाणे रात्रीत जव्हारच्या दुकानात "मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील" या पाटीखाली पोचू शकते.

व्यवहाराच्या गोष्टीही होत्याच, आणि त्या तिला माझ्याआधी दिसल्या. दोनशे तबकड्या म्हणजे पोतेभर धान्याइतके ओझे, ते घाटातून कोण नेणार? टेम्पोवर बेस दणाणला की सुई उडते. वैशाखाच्या उन्हात तबकडी वाकते, आणि लाल मातीची धूळ खाचेत बसली की कायमची खरखर. जनरेटरचा वेग खालीवर झाला तर जुन्या यंत्राची ताटलीही खालीवर होते आणि गाणारी बाई अचानक पुरुषासारखी गाऊ लागते. टेक्निक्सची नवी यंत्रे आज लाखाच्या घरात आहेत, एकेक, आणि दोन लागतात. लॅपटॉपला जोडायचे साधे कंट्रोलर वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळते, त्यावर दोन ताटल्याही असतात हाताने फिरवायला, आणि सरकपट्टीही. तबकडीवर शिकलेली बोटे तिथे चालतात.

शहरात काही डीजे आहेत जे म्हणतात, तबकडीशिवाय डीजे हा डीजेच नव्हे. असे म्हणणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला एका इमारतीच्या हॉलमध्ये नाचाचा एक कार्यक्रम झाला. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन, त्यातला नुसत्या तालाचा तुकडा पुन्हापुन्हा लांबवायची युक्ती डीजे कूल हर्क या तरुणाने प्रसिद्ध केली, आणि हिपहॉप संगीताचा जन्म लोक त्या रात्रीपासून मोजतात. पण तो कार्यक्रम ठरवला होता त्याच्या बहिणीने, सिंडी कँपबेलने. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी तिला पैसे उभे करायचे होते. तिकीट तिने लावले, मुलींना पंचवीस सेंट आणि मुलग्यांना पन्नास. नाव झाले भावाचे. त्या वस्तीतल्या गरीब काळ्या मुलांनी तबकडी पवित्र म्हणून हातात घेतली नव्हती. घरात तीच होती. जव्हार-मोखाड्याच्या घरात आज मोबाइल आहे.

पेनड्राइव्हबद्दल मी आंधळी नाही. कुठून तरी उतरवून घेतलेली, दाबून लहान केलेली गाणी मोबाइलवर बरी वाटतात आणि मोठ्या स्पीकरवर फाटतात. एका दुकानातून भरलेली तीच चाळीस गाणी विक्रमगडपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत प्रत्येक मांडवात वाजतात. एक व्हायरस, आणि सगळे कोरे. पण या सगळ्यापेक्षा मोठा एक दोष आहे, आणि तो मला कळला तो माझ्याच चुकीमुळे. ही चूक लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका शिबिरासाठी मी या मुलीच्या आजीचे गाणे मोबाइलवर रेकॉर्ड केले होते. "आजी, शिबिरात बायकांना ऐकवायचंय," एवढेच विचारले. आजीने मान हलवली. शिबिर छान झाले. कुणी तरी म्हणाले मला पाठव, मी पाठवले. तिने आणखी कुणाला पाठवले. पुढच्या लग्नसराईत ते गाणे मी एका वरातीत ऐकले. खाली ढोलाचा यंत्रातला ठेका, आजीचा आवाज पातळ आणि भरभर केलेला, आणि दर अर्ध्या मिनिटाला एक पुरुष आपल्या डीजेचे नाव ओरडतो आहे. फाइलीचे नाव होते "वारली मिक्स नवीन". आजीचे नाव कुठेच नव्हते.

त्यावरही भागले असते. पण त्याच लग्नाच्या मांडवात आजी विधीला बसली तेव्हा नवरदेवाचा मोठा भाऊ तिला म्हणाला, "आजी, तुझं गाणं पेनड्राइव्हमध्ये आहे, तू बस निवांत." चेष्टा करत होता, असे नंतर म्हणाला. आजी उठली नाही आणि बसलीही नाही. हातात तांदूळ घेऊन उभी राहिली, आणि डीजे बंद होईपर्यंत तशीच उभी राहिली. बराच वेळ लागला. मी मांडवाच्या कोपऱ्यात होते आणि ते गाणे तिथपर्यंत माझ्या मोबाइलमधून गेले होते, हे मांडवात फक्त मला माहीत होते. त्या रात्री मी सांगितले नाही. आठ दिवसांनी जाऊन सांगितले. आजी म्हणाली, "मला वाटलंच. तुझ्याबिगर कुणी घेतलं नव्हतं."

काकांच्या पेटीतल्या तबकड्यांवर मला नंतर एक गोष्ट दिसली. मधोमध गोल कागदावर गाणाऱ्याचे नाव, संगीतकाराचे नाव, कंपनीचा क्रमांक. एवढ्याशा जागेत, पण छापलेले. तबकडीने आपल्या बाया आत येऊ दिल्या नाहीत, पण जी आत गेली तिचे नाव सहसा पुसता आले नाही. पेनड्राइव्हने दार उघडले आणि नाव बाहेरच ठेवले. हा यंत्राचा गुण नव्हे, आपली सवय आहे. फाइलीला नाव देताना गाणारीचे नाव आणि पाड्याचे नाव लिहायला किती वेळ लागतो? मी शिबिरासाठी ते रेकॉर्डिंग ठेवले तेव्हा मीही नुसते "गाणे २" असे लिहिले होते.

कायद्यातही हे आहे. लग्नात सिनेमाची गाणी वाजवायला परवाना लागत नाही, कॉपीराइट कायद्याने लग्नसमारंभाला सूट दिलेली आहे. म्हणून डीजेवाल्यांना वाटते की गाणे म्हणजे रानातला आंबा. पण १९९४ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क आला आहे. तिच्या संमतीशिवाय तिचे गाणे ध्वनिमुद्रित करून विकता येत नाही. धवलेरी अशिक्षित आहे, गाणे परंपरेचे आहे, म्हणून तिचा गळा सार्वजनिक मालमत्ता होत नाही. आपण स्त्रीच्या शरीरावरच्या हक्काबद्दल इतके लिहिले, आवाजावरच्या हक्काबद्दल मी तरी कुठे फारसे वाचलेले नाही.

हे सगळे घेऊन गटाची पुढची बैठक झाली. या वेळी कुणी हसले नाही, भांडणे मात्र झाली. एकीचे म्हणणे, "आपण कर्ज दिलं तर आपणच डीजे आणला असं होईल." खरे आहे. दुसरीचे म्हणणे, डीजे येणारच आहे, तो पैसा पाड्याबाहेर जातो तो पाड्यात राहील. हेही खरे. मी माझे मत दिले, आणि इथेही देते: बंदीचा ठराव सोपा असतो, तो केल्यावर आपल्याला बरे वाटते, आणि पुढच्या वर्षी टेम्पो शेजारच्या गावाच्या हद्दीत उभा राहतो. त्यापेक्षा मशीनजवळ आपली एक मुलगी उभी असू दे, जी कुणाच्या मांडवात किती उचल उडाली ते जाणते आणि आजी उभी राहिली की हात खाली घेते. उधारीवर, बारा स्पीकर लावून वाजवायचे नाही, ही अट बायकांनी घातली. मला वाटते ही अट कर्जाच्या व्याजापेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती मोडली जाण्याची शक्यताही तितकीच आहे.

रात्रीचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. दारू प्यालेल्या पन्नास माणसांमध्ये मुलगी एकटी मशीनवर. "हे गाणं लाव, ते गाणं लाव" म्हणत अंगावर येणारे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद असायला हवा. आपण तो नियम म्हाताऱ्यांच्या झोपेसाठी आणि परीक्षेच्या मुलांसाठी वापरतो. दहाला मशीन बंद होणार हे आधीच ठरले तर बाईला हे काम करता येते, हा त्याचा उपयोग मला त्या बैठकीत पहिल्यांदा कळला. पण दहाला बंद करा असे नवऱ्याकडच्यांना सांगायला कोण जाणार, यावर बैठक पुन्हा अडली.

आजी सगळा वेळ भिंतीला टेकून होती. शेवटी तिला विचारले. ती म्हणाली, चौकापुढचे गाणे पेनड्राइव्हमध्ये जायचे नाही, ते तिथेच म्हणायचे, आणि तेव्हा नातीने मशीन बंद ठेवायचे. शेतातली, खेळाची, लावणीच्या वेळची गाणी हवी तर घ्या. नाव लावा. आणि वाजवलेत तर लुगडे मलाही.

कर्ज मंजूर झाले, मागितल्याच्या निम्मे. कंट्रोलर जुना मिळाला, नाशिकहून, त्याची उजवीकडची सरकपट्टी थोडी अडकते. लॅपटॉप आमच्या कार्यालयातला, शनिवार-रविवारपुरता. तबकड्यांची पेटी काकांकडेच आहे. त्यांतली काही गाणी ती मोबाइलवर उतरवून घेते आहे, प्रत्येक पाकिटावरचे नाव आधी वहीत लिहून. आजीची चार गाणी झाली आहेत. लावणीचे एक राहिले आहे. ते आजी म्हणते पाऊस पडल्याशिवाय आठवत नाही.